पीएमनी तारीख देऊन टाकली, आता मी काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: हिंजवडीतल्या एका आयटी सर्व्हिसेस कंपनीत तुम्ही टीम लीड आहात, टीम आठ जणांची, क्लायंट न्यू जर्सीचा, काँट्रॅक्ट फिक्स्ड प्राइस, म्हणजे रक्कम आधीच ठरलेली. पीएम, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर, तुम्हाला न विचारता क्लायंटला तारीख देतात. तुमच्या टीममधल्या मुलांना परस्पर काम सांगतात. आणि गेल्या महिन्यात एस्कलेशनच्या, म्हणजे तक्रार वरपर्यंत गेल्यावर होणाऱ्या, कॉलवर सगळ्यांसमोर म्हणाले, "टीमने आम्हाला वेळेत सांगितलंच नाही." एचआरकडे जाऊ, प्रोजेक्ट बदलून मागू की राजीनामा टाकू, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पुण्यात २२ वर्षं याच कामात आहे. त्यातली सहा टीम लीड म्हणून गेली, नऊ पीएम म्हणून, आणि आता काही प्रोजेक्टांची डिलिव्हरी बघते. तुमच्या खुर्चीत मी बसले आहे आणि ज्यांच्यावर तुमचा राग आहे त्यांच्याही. म्हणून आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. एचआरकडे आत्ता जाऊ नका, प्रोजेक्टही लगेच सोडू नका. तारीख जिथे ठरते तिथे तुमचा कागद, म्हणजे टीमच्या क्षमतेचा आणि तारखांच्या पर्यायांचा लेखी हिशोब, पोचवा. त्याने पहिली तक्रार बरीचशी मिटेल आणि दुसरी हलकी होईल. तिसरी, म्हणजे कॉलवर टीमचं नाव पुढे करण्याची, समोरासमोर बोलूनच सोडवावी लागेल, आणि तिथे गप्प बसू नका.

आता जरा आठवून बघा, ती तारीख नेमकी किती वाजता दिली गेली? न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे जातात, मग साडेसहा. त्या वेळी तुम्ही कंपनीच्या बसमध्ये वाकडच्या पुलाजवळ अडकलेले असता, घरी पोचून मुलाचा अभ्यास घेत असता, किंवा इतर कुणाचा बिल्ड (सॉफ्टवेअरची जुळणी) पडला म्हणून दुसऱ्या कॉलवर असता. पीएम एकटे क्लायंटसमोर असतात. क्लायंटकडचा माणूस नुकताच कॉफी घेऊन ताजातवाना बसलेला, आणि पीएम सकाळपासूनच्या अकराव्या मीटिंगमध्ये. तो विचारतो, "मग हे कधी मिळेल?" आणि पाच सेकंद शांतता पसरते. त्या पाच सेकंदांत माणसाच्या तोंडून तारीख निघून जाते. मी हे स्वतः केलेलं आहे. समोरून पुन्हा विचारलं गेलं आणि मी "३० सप्टेंबर" म्हणून मोकळी झाले. माझी लीड तासाभरापूर्वी घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगताना तिचा जो चेहरा झाला तो मला अजून आठवतो, कारण पूर्वी कधीतरी माझाही तसाच झाला होता.

ती आधीची गोष्टही सांगते. मी लीड असताना इन्शुरन्सचं एक प्रोजेक्ट होतं. पीएमनी कँटीनमधून परत येताना विचारलं, "पॉलिसी रिन्युअलचं हे काम किती दिवसांचं?" मी म्हटलं, "तीन आठवडे." माझ्या मनात होतं फक्त कोडिंग. जुना डेटा नव्या रचनेत आणायचा, क्लायंटने टेस्टिंगचं एन्व्हायर्न्मेंट द्यायचं, त्यांच्या लोकांनी यूएटी, म्हणजे काम स्वीकारण्यापूर्वीची चाचणी, करायची, हे काहीच मी मोजलं नव्हतं. ते मोजलं का हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांनी क्लायंटला तीन आठवडे सांगितले, काम आठ आठवडे चाललं. मधले दोन महिने आम्ही एकमेकांशी मेलवरच बोलत होतो, तीन खुर्च्यांच्या अंतरावर बसून. मला वाटत होतं त्यांनी माझ्या टीमला तोंडघशी पाडलं. त्यांना वाटत होतं मी त्यांना खोटा आकडा दिला. आज मागे वळून पाहते तेव्हा दोघंही प्रामाणिक होतो हे मला स्वच्छ दिसतं. मी अंदाज दिला होता आणि त्यांनी तो वचन म्हणून ऐकला होता.

लीड आणि पीएम यांची जी भांडणं मी पाहिली त्यातली निम्म्याहून जास्त याच एका फटीतून सुरू झालेली होती. अंदाज म्हणजे "आज जे माहीत आहे त्यावरून इतके दिवस लागतील असं दिसतं". वचन म्हणजे "काहीही झालं तरी या दिवशी देऊ". पहिल्यात अनिश्चितता असणारच. सॉफ्टवेअर अभ्यासक बॅरी बोहम यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं की प्रोजेक्टच्या अगदी सुरुवातीला केलेला अंदाज चौपटीपर्यंत चुकू शकतो, वरही आणि खालीही. रिक्वायरमेंट जसजशी स्पष्ट होते तसतशी ही चूक लहान होत जाते. स्क्रम, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करण्याची पद्धत, वापरणाऱ्यांनीही हा गोंधळ अनुभवला. तिचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी २०११ च्या स्क्रम गाइडमध्ये स्प्रिंटमधल्या (एकेका छोट्या टप्प्यातल्या) कामाबद्दलचा 'वचनबद्धता' या अर्थाचा शब्द काढून 'अंदाज' या अर्थाचा शब्द घातला, तो काही उगाच नाही. शिवाय स्क्रममध्ये पीएम ही भूमिकाच नाही. आपल्या सर्व्हिसेस कंपन्यांनी स्टँडअप (रोजच्या छोट्या बैठका) घेतले, स्प्रिंट घेतले, पण क्लायंटशी झालेलं काँट्रॅक्ट जुन्याच पद्धतीचं राहिलं, त्यामुळे पीएमही राहिले. मग टीम अंदाजाची भाषा बोलते, काँट्रॅक्ट वचनाची, आणि दोन्हींच्या मध्ये पीएम उभे असतात.

त्यांच्या बाजूने काय दिसतं, ते लीडला सहसा कुणी सांगत नाही, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते. फिक्स्ड प्राइस काँट्रॅक्टमध्ये पैसे टप्प्याटप्प्याने येतात. यूएटीवर क्लायंटची सही झाली की त्या टप्प्याचं इनव्हॉइस निघतं. ती सही २८ मार्चला होणार होती आणि ४ एप्रिलला झाली, तर तुमच्या दृष्टीने आठवड्याचा फरक. पण तो टप्पा पुढच्या आर्थिक वर्षात गेला. पीएमच्या अकाउंटचा तिमाहीचा आकडा पडला, वरून विचारणा झाली आणि त्यांच्या अप्रेझलवर ओरखडा उठला. दुसरं, तुमच्या टीममध्ये बहुधा एकदोन फ्रेशर, म्हणजे नुकतेच नोकरीला लागलेले, असतील. क्लायंटच्या किंवा कंपनीच्या हिशोबात ते पूर्ण माणूस म्हणून दाखवलेले असतात. तुम्हाला ठाऊक असतं की अजून दोन महिने तरी त्यांचं काम अर्ध्या माणसाइतकंच होणार आहे, वर त्यांना शिकवण्यात एका सीनियरचा दिवसातला तास जाणार आहे. पीएमलाही ते ठाऊक असतं, पण क्लायंटसमोर ते उघडपणे म्हणता येत नाही. म्हणून ते तारखेच्या गप्पा मारताना आठ माणसं धरतात आणि तुम्ही जेमतेम सात धरता. दोघंही आपापल्या कागदावर बरोबर असता.

हे मी त्यांची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. त्यांच्यावर कशाचा दाब आहे हे कळलं की त्यांच्या हातात काय दिलं पाहिजे ते कळतं, म्हणून लिहिते.

त्यांच्या हातात द्यायचा कागद असा. आधी टीमची खरी क्षमता मांडा. आठ माणसं, दहा दिवसांचा स्प्रिंट, म्हणजे एक्सेलमध्ये ८० दिवस. एक जण पूर्णवेळ प्रॉडक्शन सपोर्टला (चालू सिस्टीम सांभाळायला), ७० उरले. रजा मिळून पाच दिवस, ६५. दोन फ्रेशर निम्मे धरले तर आणखी दहा गेले, ५५. मीटिंग, कोड रिव्ह्यू, क्लायंटचे प्रश्न यांत पाचवा हिस्सा जातो, म्हणजे ११ दिवस. उरले ४४. ही वजाबाकी पीएमच्या शेजारी बसून, त्यांच्या देखत करा. "आम्ही ओव्हरलोड आहोत" हे वाक्य त्यांनी शंभर वेळा ऐकलेलं असतं आणि त्यातून त्यांना काहीच करता येत नाही. ८० चे ४४ कसे झाले हे दिसलं की हातात काहीतरी येतं: सपोर्टचा माणूस दुसऱ्या टीमकडून मिळेल का, फ्रेशरऐवजी अनुभवी कुणी बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना मोकळं, आहे का, हे ते वर जाऊन मागू शकतात. तुम्ही ते मागू शकत नाही. ती त्यांची ताकद आहे, तिचा उपयोग करून घ्या.

एक सावधगिरी. तारीख जवळ आल्यावर ते "दोन माणसं आणखी देतो" म्हणाले तर लगेच हो म्हणू नका. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रोजेक्टचं नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. हिशोब सोपा आहे. आठ जणांत बोलण्याच्या २८ जोड्या होतात, दहा जणांत ४५. आणि त्या नव्या दोघांना केटी द्यायला, म्हणजे काम समजावून द्यायला, तुमचाच सर्वांत चांगला माणूस बसणार. माणसं हवी असतील तर रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर देण्याच्या तारखेच्या, दोन महिने आधी मागा.

क्षमतेच्या कागदाबरोबर दुसरी सवय लावा: ज्या दिवशी क्लायंटचा कॉल असेल त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पीएमना पाच ओळी पाठवा. मेल इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा असावा. "रिपोर्टचं मॉड्यूल: फक्त पहिले चार रिपोर्ट दिले तर १८ तारीख जमेल. सगळे नऊ हवे असतील तर पुढच्या महिन्याची ५ तारीख. १८ लाच सगळे नऊ हवे असतील तर पेमेंटचं काम पुढच्या रिलीजमध्ये ढकलावं लागेल. क्लायंटने टेस्ट डेटा १० तारखेपर्यंत दिला नाही तर या तिन्ही तारखा तितक्याच दिवसांनी पुढे जातील." यात 'जमणार नाही' असं कुठेही म्हटलेलं नाही. तीन पर्याय आहेत आणि प्रत्येकाची किंमत लिहिलेली आहे. कुठला पर्याय घ्यायचा हा निर्णय पीएमचा आणि क्लायंटचा, तो तुम्ही घेऊ नका. पण पर्याय कोणते आणि त्यांची किंमत काय, हे फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि ते दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका. कामाची ही वाटणी एकदा दोघांनी तोंडाने बोलून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

आणि कागदात नसलेलं काही अचानक विचारलं गेलं तर? त्यासाठी पीएमशी एक वाक्य ठरवून ठेवा: "उद्या तुमच्या सकाळी सांगतो." वेळेचा जो फरक आपल्याला रोज छळतो तो इथे कामाला येतो. त्यांनी त्यांच्या सकाळी नऊला विचारलं आणि दुसऱ्या सकाळी नऊला उत्तर मिळालं, तर त्यांच्या दृष्टीने एका दिवसात उत्तर आलं. मधली त्यांची झोप म्हणजे आपला अख्खा कामाचा दिवस. तेवढ्यात टीमबरोबर बसून नीट अंदाज काढता येतो. पुढे पीएम म्हणून मी हे वाक्य बोलायला लागले आणि एकाही क्लायंटने त्यावर नाराजी दाखवल्याचं मला आठवत नाही. चुकलेल्या तारखांवर मात्र दाखवली, आणि तीही भरपूर.

अंदाज काढताना स्वतःवरही फार विश्वास ठेवू नका. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी प्रत्येक नव्या लीडला सांगते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. म्हणजे सगळं बिनसेल असं धरून केलेला अंदाजही कमीच पडला. तेव्हा "पीएम माझा अंदाज कापतात" अशी तक्रार करण्याआधी गेल्या तीन रिलीजचे तुमचे स्वतःचे अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस जिरामधून, म्हणजे कामांच्या नोंदीच्या सॉफ्टवेअरमधून, काढून शेजारी शेजारी ठेवा. माझे जेव्हा ठेवले तेव्हा प्रत्येक वेळी लागलेले दिवस माझ्या अंदाजाच्या दीडपट निघाले. पीएमनी कापायच्या आधी मीच कापलेलं होतं. तो आकडा कळल्यावर भांडण्याची गरजच कमी झाली, कारण मागच्या कामाचा दाखला समोर असला की पीएमही सहसा वाद घालत नाहीत.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ मध्ये संघर्षाबद्दल एक भाषण दिलं, त्यातली ही हकिकत. हार्वर्डच्या लायब्ररीतल्या एका लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. समोरच्याला हवी होती मोकळी हवा, ती मिळाली. बाईंना नको होता उत्तरेकडून थेट अंगावर येणारा वारा, तो टळला. खिडकी अर्धी उघडली असती तर दोघंही नाखूष राहिले असते. आपल्याकडे तारखेवर जी घासाघीस होते ती नेमकी अर्धी खिडकी असते. तुम्ही सहा आठवडे म्हणता, ते चार म्हणतात, पाचवर मिटतं. मग काम सहालाच पुरं होतं आणि दोघंही एकमेकांवर चिडतात. त्याऐवजी विचारा, "तुम्हाला ३१ मार्च नेमकी कशासाठी हवी आहे?" उत्तर जर "या वर्षात इनव्हॉइस जायला हवं" असं आलं, तर त्या टप्प्यात कुठले भाग मोडतात ते काँट्रॅक्टमध्ये बघून तेवढेच आधी पुरे करता येतील. उत्तर जर "त्यांच्या डायरेक्टरला बोर्डासमोर डेमो द्यायचा आहे" असं आलं, तर डेमोपुरते तीन स्क्रीन वेगळ्या एन्व्हायर्न्मेंटवर चालले तरी भागेल. अशी शेजारची खोली दर वेळी सापडते असं नाही. पण कारण विचारल्याशिवाय ती कधीच सापडत नाही.

आता भाषेबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं मूळ इथे असू शकतं. आपण नकार देताना फार मऊ बोलतो. "बघतो." "प्रयत्न करतो." "थोडं टाइट आहे, पण होऊन जाईल." घरी पाहुण्यांना जेवायचा आग्रह करताना ही भाषा चालते, तिथे ऐकणाऱ्याला तिचा अर्थ कळतो. स्टँडअपमध्ये बारा जण पंधरा मिनिटांत बोलत असताना पीएमच्या कानावर फक्त "होऊन जाईल" पडतं. मग प्रॉडक्शनला उशीर झाला की तुम्ही म्हणता, "मी सांगितलं होतं टाइट आहे म्हणून," आणि ते म्हणतात, "मला कुणी सांगितलं नाही." दोघंही खरं बोलत असता. म्हणून आधी स्वतःच्या मेल आणि चॅट उघडून तपासा. "१८ तारीख चुकण्याची शक्यता आहे, कारण हे, आणि शुक्रवारपर्यंत निर्णय हवा" इतकं स्पष्ट तुम्ही कुठे लिहिलं होतं का? नसेल लिहिलं, तर त्या कॉलवरच्या वाक्यात थोडं तथ्य होतं हे मान्य करून पुढे चला.

लिहिलं असेल तर मात्र हे प्रकरण सोडू नका. क्लायंटच्या देखत उत्तर देऊ नका. तिथे लीड आणि पीएम एकमेकांना खोडायला लागले की क्लायंटचा दोघांवरचाही विश्वास जातो आणि पुढचे सहा महिने प्रत्येक गोष्टीचा पुरावा द्यावा लागतो. गेल्या महिन्यातली गोष्ट असली तरी उशीर झालेला नाही. एक मीटिंग रूम घ्या, किंवा खाली टपरीवर चहाला न्या, मेलवर नको. आणि सरळ सांगा: "त्या कॉलवर तुम्ही म्हणालात की टीमने वेळेत सांगितलं नाही. मी १२ तारखेला मेल केली होती, ही बघा. माझ्या टीममधले आठही जण त्या कॉलवर होते. ते विचारतात की लीडने आपली बाजू का मांडली नाही. मला पुढच्या स्टेटस कॉलवर याची दुरुस्ती झालेली हवी आहे." एवढं बोलून थांबा. "तुम्ही नेहमीच असं करता" हे वाक्य टाळा, कारण मग बोलणं त्या मेलवरून त्यांच्या स्वभावावर जातं आणि तिथून परत येत नाही. दुरुस्ती मोठी नसते. "टीमने १२ ला कळवलं होतं, निर्णयाला माझ्याकडून उशीर झाला," एवढं एक वाक्य पुरतं. बरेच पीएम ते बोलतात, मी बोलले आहे, आणि बोलल्यावर टीम माझ्यासाठी जास्त राबली. जे पीएम एकांतातही मेल पाहून "असू दे ना आता" म्हणतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

परस्पर काम सांगण्याचा मुद्दा त्या मानाने सोपा आहे. पीएम मुलांकडे थेट का जातात? बहुतेक वेळा तुमच्याकडून उत्तर यायला वेळ लागतो म्हणून, किंवा तुम्ही आधी अडचणी सांगता आणि तो मुलगा लगेच हो म्हणतो म्हणून. यात खरा बळी तो मुलगा असतो. दुपारी पीएमचं काम केलं म्हणून संध्याकाळी लीडची बोलणी खातो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत होते, आणि अप्रेझलमध्ये दोघंही म्हणतात की याचं लक्ष नसतं. मुलांना "पीएमचं ऐकू नका" असं मात्र कधीही सांगू नका. दोन वर्षांचा अनुभव असलेल्या मुलाला पीएमना नकार द्यायला लावणं अन्यायाचं आहे. त्याऐवजी पीएमशी असा नियम ठरवा: प्रॉडक्शन बंद पडलं असेल तर कुणालाही थेट सांगा, तासाभरात मला कळवा. बाकी प्रत्येक काम आधी टीमच्या कामांच्या बोर्डवर येईल आणि ते आत आलं की तेवढंच दुसरं काम बाहेर जाईल. मुलांना फक्त एक वाक्य शिकवा: "हो सर, करतो, लीडना टॅग करून टिकेट टाकतो." आणि तुमच्या बाजूने, पीएमनी विचारल्यावर अर्ध्या तासात काहीतरी उत्तर द्यायची शिस्त पाळा, मग ते "चारला सांगते" इतकंच असलं तरी.

एचआरबद्दल. तारखा, अंदाज, श्रेय, कॉलवरचं बोलणं यांसाठी एचआरकडे गेलात तर ते तुम्हा दोघांना समोरासमोर बसवतील, "एकमेकांशी संवाद वाढवा" म्हणतील आणि पीएमच्या मनात गाठ पक्की बसेल. वर जायचंच असेल तर डिलिव्हरी मॅनेजरकडे जा, आणि जाण्यापूर्वी पीएमना सांगून जा: "आपलं यावर एकमत होत नाही, मी वर विचारणार आहे, तुम्हीही या." न सांगता वर गेलेली तक्रार माझ्याकडे येते तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारते की त्यांच्याशी बोललात का. जाताना मेल, क्षमतेचा कागद आणि तारखांचे तुम्ही दिलेले पर्याय बरोबर न्या. आणखी एक तपासून ठेवा: तुमच्या अप्रेझलवर सही कुणाची असते? मॅट्रिक्स रचनेत पीएम वेगळे आणि रिपोर्टिंग मॅनेजर वेगळे असतात. त्या दुसऱ्या माणसाला तुमचं काम वर्षभर दिसतच नाही. त्यांच्याशी महिन्यातून एकदा अर्धा तास बोलत राहा, भांडण असो वा नसो.

काही गोष्टींत मात्र माझं मत अगदी वेगळं आहे आणि तिथे समजुतीने घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही. न केलेलं टेस्टिंग केलं म्हणून लिहायला सांगितलं, टाइमशीटमध्ये खोटे तास भरायला सांगितले, शिवीगाळ झाली, किंवा जात, धर्म, बाईमाणूस असणं यावरून कुणाला बोललं गेलं, तर वाट बघू नका. पहिल्या दोन्हींत लेखी नकार द्या, दोनच ओळींचा, आणि त्याची प्रत डिलिव्हरी मॅनेजरना पाठवा. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असावीच लागते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करा. हे तुमच्यापुरतंच नाही, टीममधल्या कुणाच्या बाबतीत घडलं तरी त्या व्यक्तीला हा मार्ग दाखवणं लीड म्हणून तुमचं काम आहे.

राहिला प्रोजेक्ट सोडण्याचा प्रश्न. वर सांगितलेलं दोन रिलीज तरी करून बघा, म्हणजे साधारण तीन-चार महिने. या काळात पाचच्या मेलचा एकदाही उपयोग झाला नाही, कॉलवर पर्याय न सांगता तारखा जातच राहिल्या, आणि समोर मेल ठेवूनही टीमवर ढकलणं चालूच राहिलं, तर मग तो पीएम बदलणार नाही असं धरा आणि डिलिव्हरी मॅनेजरकडे या प्रोजेक्टमधून सुटका मागा. तिथे "पटत नाही" एवढंच न म्हणता कुठल्या प्रकारचं काम हवं ते सांगा, कारण त्यांना तुमच्या जागी माणूस शोधायचा असतो, केटीचे आठवडे मोजायचे असतात, आणि "मला डेटा इंजिनिअरिंगमध्ये जायचं आहे" हे क्लायंटला सांगायला त्यांना सोपं जातं. बऱ्याच कंपन्यांत नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे. म्हणजे आज राजीनामा टाकलात तरी याच पीएमबरोबर तीन महिने काढायचे आहेत. तेव्हा गो-लाइव्हच्या (नवी सिस्टीम सुरू होण्याच्या) आठवड्यात, रात्री अकराच्या कॉलनंतर, हा निर्णय घेऊ नका. शनिवारी दुपारी घ्या.

आणि सोमवारी पीएमशी बोलायला जाल तेव्हा एका वेळी एकच विषय काढा. माझं मत विचाराल तर त्या कॉलवरच्या वाक्याचा आधी काढा, कारण तो मनात ठेवून तुम्ही क्षमतेचा कागद दाखवायला बसलात तर आवाजात राग येईल आणि ८० वजा ३६ चा साधा हिशोबही त्यांना आरोप वाटेल. कागदासाठी बुधवार ठेवा. तोपर्यंत गेल्या तीन रिलीजचे आकडे काढून होतील, आणि सपोर्टला नक्की किती तास जातात हे सपोर्टवरच्या मुलाला विचारून घ्या, तुमच्या अंदाजापेक्षा ते बहुधा जास्त निघतील.